पाचगणीच्या हॉलमधलं मतदान

साउंडच्या धंद्यात गाण्यावरून वाद रोजचेच. हळदीला नवरीकडची पोरं एक गाणं लावायला सांगतात, नवऱ्याकडची दुसरं. पण जेवण गार होईपर्यंत माणसं नुसती गाण्यावर भांडताना मी पाहिली ती पाचगणीला.

साताऱ्यातल्या एका शाळेची शहाण्णव सालची दहावीची बॅच होती. हॉटेलात गेट-टुगेदर. दुपारीच पसरणी घाट चढून आम्ही दोन टॉप आणि दोन बेस स्पीकर, मिक्सर आणि कॉर्डलेस माइक लावून ठेवले. शिक्षकांचा सत्कार, थोडी भाषणं, मग गाणी एवढीच ऑर्डर होती. सत्कार उरकला आणि सूत्रसंचालन करणाऱ्यानं जाहीर केलं, "आता वाद. जगातलं सर्वांत भारी पॉप गाणं कोणतं? आपापलं गाणं मांडायचं, साउंडवाले दादा वाजवतील, शेवटी हात वर."

पहिला उठला कराडचा डॉक्टर. मायकल जॅक्सनचं 'बिली जीन'. ही मंडळी दहावी झाली त्याच वर्षी नोव्हेंबरात मायकल जॅक्सन मुंबईत अंधेरीला येऊन गेला होता, त्यामुळे अर्धा हॉल आधीच त्याच्या बाजूला. डॉक्टर तयारीनं आला होता. गायक तोंड उघडेपर्यंत जवळपास अर्धा मिनिट जातो, निर्माता क्विन्सी जोन्सला ती सुरुवात छोटी करायची होती, मायकल ऐकला नाही. कारण त्या सुरुवातीनंच त्याला नाचावंसं वाटायचं. "दोन ठोक्यांत गाणं ओळखू येतं. अजून काय पाहिजे?"

गणिताचे सर पहिल्या रांगेत होते. ते म्हणाले, "ठोके ओळखू येतात रे, पण पेटीवर वाजवून दाखव. जे नुसत्या पेटीवर उभं राहतं ते गाणं." त्यांचं मत बीटल्सच्या 'यस्टर्डे'ला. 1965 चं गाणं, पॉल मॅकार्टनीचा गळा, त्याची गिटार आणि चार तंतुवाद्यं. बँडमधल्या बाकीच्या तिघांपैकी कुणी त्यात वाजवलेलंच नाही.

सरांपुढे कोण बोलणार! पण मला ते पटलं नाही, अजूनही पटत नाही. भावगीत पेटीवर उतरतं, अभंग टाळावर उतरतो. पॉप गाणं म्हणजे चाल अधिक रेकॉर्डिंग. त्यातलं रेकॉर्डिंग काढलं की अर्धं गाणं गेलं. कुठल्याही हॉलमध्ये सिस्टीम जोडली की मी पहिल्यांदा 'बिली जीन'च लावतो. त्यात ड्रमचा ठोका आणि बेस गिटार दोन्ही खालच्या पट्टीत चालतात, तरी एकमेकांत मिसळत नाहीत. मिसळले तर समजायचं, हॉल घुमतोय किंवा माझं सेटिंग चुकतंय. ते उगाच तसं झालेलं नाही. ब्रूस स्वीडीन या साउंड इंजिनिअरनं त्या ड्रमसाठी खास कव्हर बनवून घेतलं होतं आणि गाण्याचे 91 मिक्स केले होते. शेवटी ठेवला तो दुसराच. एवढी मेहनत पेटीवर कुठून ऐकू येणार?

मधे एकीनं अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया' मांडलं. कुणीतरी हसलं, तशी ती चिडली. "हसू नका. त्याचा संगीतकार बिद्दू, बंगळूरचा. 1974 मध्ये त्यानंच प्रोड्यूस केलेलं 'कुंग फू फायटिंग' इंग्लंड-अमेरिकेत एक नंबरला गेलं होतं." सगळे गप्प. मला ती बाई आवडली.

मग पाचगणीतच राहणारा एकजण उठला. त्याचं गाणं सगळ्यांना माहीतच होतं: क्वीनचं 'बोहेमियन रॅप्सडी'. क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी इथल्याच सेंट पीटर्स शाळेत शिकला, इथंच 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढून पियानो वाजवायचा. 1975 चं गाणं, सहा मिनिटांना थोडंसंच कमी, ध्रुवपद नाही, मधेच ऑपेरा, त्यात 'बिस्मिल्ला'ची आरोळी. मी गाणं लावलं. लोकांनी गावाभिमानानं टाळ्या वाजवल्या, पण चेहऱ्यावर काही हललं नाही. माझ्या लक्षात आलं, सिस्टीम मोनोवर आहे, म्हणजे दोन्हीकडून एकच आवाज. कार्यक्रमात आम्ही मुद्दाम मोनोच ठेवतो. डावीकडे बसलेल्याला अर्धं गाणं आणि उजवीकडच्याला उरलेलं, असं चालत नाही. पण हे गाणं तर दोन्ही बाजूंना वाटूनच रचलेलं.

मी माइक घेतला. "दोन मिनिटं द्या. सगळ्यांनी खुर्च्या मध्ये ओढा." पोराला दोन्ही टॉप आणखी लांब सरकवायला लावले, लॅपटॉपच्या दोन चॅनलचे पॅनचे नॉब एक पूर्ण डावीकडे, दुसरा पूर्ण उजवीकडे फिरवला आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून सोडलं. आवाज कमीच ठेवला. 'गॅलिलिओ'ची हाक एकदा या भिंतीकडून, एकदा त्या भिंतीकडून आली तशा माना टेनिस बघावं तशा वळायला लागल्या. आवाज फक्त तिघांचे, तेच पुनःपुन्हा टेपवर चढवलेले. सरांनी चष्मा काढून हातात धरला. "हे मोबाइलवर असं नसतं," कुणीतरी म्हणालं. नसतंच.

डॉक्टर अस्वस्थ झाला. मतं फिरत होती. एवढ्यात बँकेत काम करणारी एक बाई पुढं आली. तिचं गाणं 'रिस्पेक्ट'. ते 1965 मध्ये ओटिस रेडिंगनं लिहून गायलं, तेव्हा ते घरी आल्यावर मान मागणाऱ्या पुरुषाचं गाणं होतं. 1967 मध्ये अरीथा फ्रँकलिननं घेतलं, त्या शब्दाचं एकेक अक्षर सुटं करून म्हटलं, आणि मान मागणारी बाई झाली. 'रोलिंग स्टोन' मासिकाच्या सर्वोत्तम गाण्यांच्या 2004 च्या यादीत बॉब डिलनचं गाणं पहिलं होतं, 2021 मध्ये हे गाणं पहिलं आलं. "आणि दादा, आमचंही तसंच दोन्हीकडून फिरवून लावा."

मी म्हटलं, "ताई, नाही. याला मोनोच पाहिजे." त्या काळी रेडिओसाठी निघणाऱ्या सिंगल रेकॉर्डी मोनोच असत, आणि लोकांनी हे गाणं पहिल्यांदा तसंच ऐकलं. नॉब परत मध्यावर आणले, आवाज थोडा चढवला. दोन्ही टॉपमधून एकच आवाज सरळ समोरून अंगावर आला. खुर्च्या मध्ये होत्याच. मागच्या रांगेतल्या बायका गाण्याबरोबर टाळ्या वाजवायला लागल्या, मग उभ्या राहिल्या, मग सगळ्याच.

हात मोजले. 'रिस्पेक्ट' जिंकलं, 'बोहेमियन रॅप्सडी' थोडक्यात दुसरं. साउंडवाल्यालाही मत आहे असं ठरलं, तेव्हा मी 'बिली जीन'ला हात वर केला आणि डॉक्टरनं येऊन मिठी मारली. सरांनी एकट्याचंच मत असूनही 'यस्टर्डे' सोडलं नाही. पुढच्या वर्षीची ऑर्डर तिथंच पक्की झाली: खुर्च्या आधीपासून मध्ये मांडायच्या आणि सरांसाठी एक पेटी आणायची.