घड्याळाला काय कळतंय!

घड्याळ म्हणतं, काल मी ७ तास १२ मिनिटं झोपले. साफ खोटं! दोन ते तीन मी टक्क जागी होते, पंख्याकडे बघत. पण हलले नाही ना. मनगटाची हालचाल आणि त्या हिरव्या दिव्याने मोजलेले ठोके, एवढ्यावरच त्याचा सगळा अंदाज. निपचित पडलं की झोपली! वर ‘स्मार्ट अलार्म’. साडेसहाच्या आधीच्या अर्ध्या तासात झोप सावध वाटली की उठवणार म्हणे. सहा वाजून दोन मिनिटांनी मनगट थरथरलं. चरफडत उठले.

आई ओट्याशी चहा गाळत होती. माझ्याकडे नुसतं बघून म्हणाली, "झोप नाही झाली वाटतं?"

घड्याळावर झोपेचा स्कोअर ८४ आला होता. दाखवलाच नाही तिला.