बदली म्हणून आलेला माणूस : झुबिन मेहता यांची कारकीर्द

वाद्यवृंद-संचालकाला घरी बसून रियाज करता येत नाही, ही त्या पेशाची पहिली अडचण. व्हायोलिनवादकाजवळ त्याचे व्हायोलिन असते, गवयाजवळ गळा असतो. संचालकाचे वाद्य म्हणजे ऐंशी ते शंभर पगारी कलावंत, त्यांना सामावून घेणारे सभागृह आणि या सगळ्याचा खर्च उचलणारी एखादी संस्था. अनुभवाशिवाय हे वाद्य कोणी हाती देत नाही, आणि ते हाती आल्याशिवाय अनुभव मिळत नाही. पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या जगात हा पेच बऱ्याचदा एकाच प्रकारे सुटतो : कोणीतरी ज्येष्ठ संचालक ऐनवेळी आजारी पडतो, व्यवस्थापन फोनाफोनी करू लागते, आणि दोन दिवसांत येऊन कार्यक्रम उभा करू शकेल असा एखादा तरुण सापडतो. झुबिन मेहता यांच्याविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते त्यात पुरस्कारांची यादी असते, ते आपल्या मुंबईचे असल्याचा अभिमान असतो. पण एक पेशा म्हणून या कारकिर्दीकडे पाहिले, तर तिची सुरुवात दुसऱ्यांच्या रिकाम्या झालेल्या जागांवर झालेली दिसते.

त्यांचा जन्म २९ एप्रिल १९३६ रोजी मुंबईत, पारशी कुटुंबात झाला. वडील मेहली मेहता हे व्हायोलिनवादक. त्यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता. गोव्याचे ख्रिस्ती वादक, काही पारशी हौशी कलावंत आणि सुषिर म्हणजे फुंकून वाजवायच्या वाद्यांसाठी नौदलाच्या बँडमधली माणसे अशी त्याची जुळवाजुळव असे. तो पूर्णवेळ पगारी वृंद नव्हता, तरी त्याच्या तालमी घरात चालत आणि मुलगा त्या ऐकत मोठा होत होता. सोळाव्या वर्षी त्याने वडिलांच्या वाद्यवृंदाची एक तालीम घेतली, असे सांगितले जाते. घरच्यांची इच्छा मात्र मुलाने डॉक्टर व्हावे अशी होती. सेंट झेवियर्स कॉलेजात दोन वर्षे त्या दिशेने गेली, आणि विच्छेदनासाठी समोर ठेवलेल्या माशाने त्या वाटेचा शेवट केला. १९५४ मध्ये, अठराव्या वर्षी, झुबिन मेहता व्हिएन्नाला गेले.

मेहलींचीही गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण ती मला मुलाच्या गोष्टीइतकीच लक्षणीय वाटते. वयाच्या चाळिशीकडे झुकलेला हा माणूस व्हायोलिनचे नामांकित शिक्षक इव्हान गलामियन यांच्याकडे शिकण्यासाठी १९४५ मध्ये न्यूयॉर्कला गेला, घरसंसार मुंबईत ठेवून काही वर्षे तिथे राहिला, परतला, आणि १९५५ मध्ये पुन्हा बाहेर पडून मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात वादक म्हणून दाखल झाला. पुढे लॉस एंजेलिसमध्ये १९६४ साली त्यांनी अमेरिकन यूथ सिंफनी स्थापन केली आणि तीन दशकांहून अधिक काळ ती चालवली. मुलाला जे वयाच्या विशीत मिळाले, ते मिळवायला बापाला पन्नाशी उलटावी लागली.

व्हिएन्नात पोचल्यावर मेहतांनी कार्ल ब्योम यांच्या संचालनाखाली व्हिएन्ना फिलहार्मोनिकने वाजवलेली ब्राह्म्सची पहिली सिंफनी ऐकली. मुंबईत त्यांनी हे संगीत ऐकले होते ते वडिलांच्या अर्ध्यामुर्ध्या वृंदाकडून आणि ध्वनिमुद्रिकांवरून. संगीत अकादमीत ते डबल बास वाजवायला शिकले आणि संचालनासाठी हान्स स्वारोव्स्की यांचे शिष्य झाले. स्वारोव्स्की यांची शिकवण हातवाऱ्यांपेक्षा वाचनावर भर देणारी होती : आधी स्वरलिपीची रचना समजून घ्या, कोणती लय कोणत्या लयीतून निघते ते पाहा, आणि मग हात जितका कमी हलवता येईल तितका कमी हलवा. पुढच्या काळात मंचावरच्या दिमाखाबद्दल मेहतांवर बरीच टीका झाली. पण त्यांचे ठोके वादकांना नेहमी स्पष्ट दिसतात, हे श्रेय या शाळेचे. त्यांचा वर्गमित्र होता क्लाउडिओ अब्बाडो, पुढे स्वतःही नामांकित संचालक झालेला. कारायान, ब्योम यांच्यासारख्यांच्या तालमींना विद्यार्थ्यांना प्रवेश नसे, म्हणून या दोघांनी तिथल्या गायकवृंदात नाव घातले आणि खालच्या पट्टीत गात गात समोरच्या माणसाचे हात न्याहाळले. संचालनाचे खरे शिक्षण असेच चोरून होते, असे माझे मत आहे. कारण कार्यक्रमात काय होते ते सर्वांना दिसते, पण ते कसे घडते ते फक्त तालमीत कळते.

१९५८ मध्ये लिव्हरपूलची आंतरराष्ट्रीय संचालन स्पर्धा त्यांनी जिंकली. बक्षीस म्हणून रॉयल लिव्हरपूल फिलहार्मोनिकमध्ये वर्षभराचे साहाय्यक पद मिळाले. त्याच उन्हाळ्यात अमेरिकेत टँगलवूड येथे त्यांचा दुसरा क्रमांक आला, पहिला अब्बाडोचा. स्पर्धा जिंकल्याने ओळखी होतात, काम मिळतेच असे नाही. काम मिळाले ते १९६० पासून. मॉन्ट्रियल सिंफनीचे संचालक इगोर मार्केविच यांची प्रकृती बिघडली, त्यांच्या जागी मेहता उभे राहिले आणि १९६१ मध्ये त्या वृंदाचे संगीत संचालक झाले. लॉस एंजेलिसमध्ये फ्रिट्झ रायनर येऊ शकले नाहीत, तिथे मेहता गेले. इस्रायल फिलहार्मोनिकला युजीन ऑर्मंडी यांची बदली हवी होती, तिथेही हेच. १९६१ हे वर्ष संपेपर्यंत व्हिएन्ना आणि बर्लिन फिलहार्मोनिकसमोरही ते उभे राहिले होते, वय पंचवीस.

बदली म्हणून जाणे म्हणजे काय, याची कल्पना श्रोत्यांना सहसा नसते. कार्यक्रम दुसऱ्याने ठरवलेला असतो, तालमी हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या, आणि समोर बसलेल्या वादकांनी तीच रचना आपल्याहून दुप्पट वयाच्या संचालकांबरोबर अनेकदा वाजवलेली असते. पहिल्या दहा मिनिटांत समोरचा माणूस कितपत तयारीचा आहे हे त्यांना समजते. अशा वेळी संचालकाच्या उपयोगी पडते ती पाठ असलेली स्वरलिपी. मेहतांनी विद्यार्थिदशेतच मोठ्या रचनांचा साठा करून ठेवला होता, म्हणून फोन आला तेव्हा त्यांना होकार देता आला. याला नशीब म्हणायचे तर म्हणावे. पण असेच फोन इतरांनाही येत होते, आणि त्यांतल्या सगळ्यांना दुसरे आमंत्रण आले नाही.

लॉस एंजेलिसच्या नेमणुकीला एक कडवट बाजूही आहे. तिथले नियोजित संगीत संचालक होते गेऑर्ग शोल्टी. त्यांना न विचारता व्यवस्थापक मंडळाने या तरुणाला साहाय्यक म्हणून करारबद्ध केले. आपल्या अधिकारावर हा घाला आहे असे मानून शोल्टींनी पदभार घेण्याआधीच राजीनामा दिला, आणि मंडळाच्या प्रमुख डोरोथी चँडलर यांनी ती मोठी जागा मेहतांना देऊ केली. १९६२ ते १९७८ ते तिथे होते. १९६७ पर्यंत मॉन्ट्रियलही सांभाळत होते. शोल्टींचा आक्षेप तत्त्वतः बरोबर होता असे मला वाटते. संगीत संचालकाचा करार म्हणजे केवळ काठी फिरवण्याचे मानधन नव्हे. वादकांची निवड, पाहुणे कलावंत, हंगामाची आखणी या सगळ्याची जबाबदारी त्यात येते, आणि ती जबाबदारी दुसऱ्याने परस्पर वाटून टाकली तर पदाला अर्थ उरत नाही. तरीही त्या निर्णयामुळे लॉस एंजेलिसचे नुकसान झाले असे म्हणता येत नाही. डिसेंबर १९६४ मध्ये तिथले नवे सभागृह उघडले तेव्हा मंचावर मेहता होते, आणि प्रादेशिक समजला जाणारा तो वृंद त्यांच्या काळात जगभर ऐकला जाऊ लागला.

न्यूयॉर्कची कथा याच्या उलट आहे. १९६७ मध्ये एका मुलाखतीत त्यांनी न्यूयॉर्क फिलहार्मोनिकच्या वादकांविषयी उपहासाने बोलताना असे सुचवले की शत्रूचा निकाल लावायचा असेल तर त्याला तिथे संचालक म्हणून पाठवावे. वादकांच्या संघटनेने मोठा गहजब केला. अकरा वर्षांनी, पिएर बुलेझ यांच्यानंतर, त्याच वृंदाने त्यांना संगीत संचालक म्हणून बोलावले, आणि १९७८ ते १९९१ अशी तेरा वर्षे ते राहिले. तिथे हजाराहून अधिक कार्यक्रम त्यांनी केले. शहरातल्या समीक्षकांनी त्यांना कधी मनापासून स्वीकारले नाही. मोझार्टमध्ये नजाकत कमी, भव्यतेची हौस जास्त, असा सूर कायम राहिला. ही तक्रार अगदीच निराधार नव्हती. ब्रुकनर, माहलर, रिखार्ड श्ट्राउस यांच्या विशाल रचनांत ते जसे रमतात तसे इतरत्र रमत नाहीत, हे ध्वनिमुद्रणे ऐकतानाही जाणवते. पण रविशंकर यांचा ‘रागमाला’ हा दुसरा सतारकंचेर्तो, म्हणजे सतार आणि वाद्यवृंदासाठीची रचना, १९८१ मध्ये याच वृंदाने त्यांच्या संचालनाखाली प्रथम सादर केला, आणि पद सोडल्यानंतरही फ्रेंच संगीतकार ऑलिव्हिए मेसियाँ यांची अखेरची मोठी रचना १९९२ मध्ये प्रथम वाजवण्यासाठी वृंदाने त्यांनाच बोलावले.

या कारकिर्दीचा कणा मात्र इस्रायल फिलहार्मोनिक हा आहे. ब्रोनिस्लाव ह्यूबरमान यांनी नाझींमुळे देशोधडीला लागलेल्या ज्यू वादकांना घेऊन तो वृंद स्थापला तो १९३६ मध्ये, म्हणजे मेहतांच्या जन्मवर्षीच. जून १९६७ च्या युद्धाच्या वेळी तिथे असलेले संचालक एरिक लाइन्सडॉर्फ निघून गेले. मेहता मात्र मिळेल त्या विमानाने देशात शिरले. पुन्हा एकदा बदली, पण या वेळी जागा रिकामी झाली होती ती भीतीमुळे. १९६९ मध्ये ते वृंदाचे संगीत सल्लागार झाले, १९७७ मध्ये संगीत संचालक, आणि १९८१ मध्ये हे पद त्यांना तहहयात देण्यात आले. हा वृंद वादकांनी स्वतः चालवलेली सहकारी संस्था आहे, म्हणजे हा मान कोणा धनिक मंडळाने दिलेला नव्हता. १९९१ च्या आखाती युद्धात क्षेपणास्त्रे पडत असताना त्यांनी बाहेरचे कार्यक्रम सोडून तिथे दिवसाउजेडी मैफली केल्या. जेरुसलेममधल्या एका मैफलीत भोंगा वाजला, श्रोत्यांनी वायुरोधक मुखवटे चढवले, वृंद आत गेला, आणि व्हायोलिनवादक आयझॅक स्टर्न एकटेच मंचावर येऊन बाख वाजवू लागले.

याच १९८१ सालातली दुसरी घटना त्यांच्या चाहत्यांना आठवायला आवडत नाही. ऑक्टोबरमध्ये तेल अवीव येथे कार्यक्रम संपल्यावर त्यांनी वाग्नरच्या ‘ट्रिस्टान’ या ऑपेरामधला अंतिम भाग वाजवणार असल्याचे जाहीर केले, ज्यांना ऐकायचे नाही त्यांनी जावे, असेही सांगितले. वाग्नर ज्यूद्वेष्टा आणि नाझींचा लाडका संगीतकार, म्हणून त्याचे संगीत तिथे अलिखितपणे वर्ज्य होते. सभागृहात आरडाओरडा झाला, आणि छळछावणीतून वाचलेला तिथला एक सेवक मंचासमोर येऊन शर्ट उघडून अंगावरचे व्रण दाखवू लागला. मेहतांनी रचना पूर्ण केली. संगीत आणि संगीतकाराचे विचार वेगळे ठेवावेत हे त्यांचे म्हणणे मला मान्य आहे, पण ते पटवून द्यायची जागा ती नव्हती. तिकीट काढून वेगळेच संगीत ऐकायला आलेल्या माणसाला असे अचानक निवडायला लावणे हा संचालकाच्या अधिकाराचा चुकीचा वापर होता.

उरलेल्या प्रसिद्ध गोष्टी सर्वांना ठाऊक आहेत : व्हिएन्नाच्या नववर्ष मैफली पाच वेळा, १९९० मध्ये रोममधली तीन टेनरांची मैफल, १९९८ मध्ये बीजिंगच्या राजप्रासादात ‘तुरान्दोत’ हा ऑपेरा. त्यांत मला फारसा रस नाही. १९९४ मध्ये सारायेवोच्या युद्धात जळालेल्या ग्रंथालयात केलेले मोझार्टचे ‘रेक्वियम’ आणि १९९९ मध्ये बुखेनवाल्ड छळछावणीजवळच्या वायमारमध्ये बव्हेरियन व इस्रायली वादकांना शेजारी शेजारी बसवून वाजवलेली माहलरची दुसरी सिंफनी यांचे मोल अधिक वाटते. फ्लॉरेन्सच्या माज्जो म्युझिकाले या संस्थेत ते १९८५ ते २०१७ प्रमुख संचालक होते, म्हणजे बत्तीस वर्षे. दर आठवड्याला नव्या शहरात उतरणाऱ्या आजच्या संचालकांच्या जगात एकाच ठिकाणी इतका काळ राहणे विरळा. तिथल्या नव्या सभागृहाला त्यांचे नाव देण्यात आले आहे.

भारताचे नागरिकत्व त्यांनी सोडले नाही. इस्रायलशी भारताचे राजनैतिक संबंध जुळल्यानंतर १९९४ मध्ये ते इस्रायल फिलहार्मोनिकला घेऊन मुंबईत आले. सप्टेंबर २०१३ मध्ये श्रीनगरच्या शालिमार बागेत बव्हेरियन स्टेट ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम त्यांनी केला. फुटीरतावाद्यांचा विरोध, कडेकोट बंदोबस्त आणि केवळ निमंत्रितांचे श्रोतृवृंद यांमुळे तो ज्या लोकांसाठी होता त्यांच्यापर्यंत प्रत्यक्षात पोचला नाही, आणि ही खंत त्यांनी स्वतःही बोलून दाखवली. मुंबईत १९९५ पासून वडिलांच्या नावाचे प्रतिष्ठान मुलांना पाश्चात्त्य संगीत शिकवते. २००६ मध्ये नरिमन पॉइंटच्या एनसीपीए (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) या कलाकेंद्रात सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला, आणि २०२३ मध्ये, सत्त्याऐंशीव्या वर्षी, मेहतांनी त्याचे संचालन केले. त्या वृंदाचा बराच भार अजूनही बाहेरून येणाऱ्या वादकांवर आहे. मुंबईतला एखादा विशीतला विद्यार्थी आज संचालक व्हायचे म्हणाला, तर स्वरलिप्या त्याला एका क्लिकवर मिळतील आणि थोर संचालकांच्या तालमीही पडद्यावर पाहता येतील. पण प्रत्यक्ष शंभर वादकांसमोर उभे राहण्यासाठी त्याला अजूनही विमानाचे तिकीट काढावे लागेल, आणि तिकडे पोचल्यावर कोणाचा तरी फोन येण्याची वाट पाहावी लागेल.