चार महिने डीओ २.१

खूप दिवसांनी लिहितेय, कारण थीसिसच्या तिसऱ्या चॅप्टरने डोकं खाल्लंय. माझी पीएचडी एसटीपी, म्हणजे मैलापाणी शुद्धीकरणाचा प्लांट, कसा बिघडतो आणि बिघडायच्या आधी काय करता येतं यावर आहे. आत्या अजून लोकांना "पाण्यावर करतेय काहीतरी" एवढंच सांगते, मैल्याचा मै पण काढत नाही.

तर पद्धत अशी, की प्लांटमधली एकेक वस्तू घ्यायची, ती कशी फेल होईल ते लिहायचं आणि तीन आकडे द्यायचे: परिणाम किती वाईट, किती वेळा होतं, आणि वेळेत कळतं का. प्रत्येकाला १ ते १० (जितकं वाईट, किंवा कळायला जितकं अवघड, तितका मोठा आकडा), तिन्हींचा गुणाकार म्हणजे आरपीएन. याला एफएमईए म्हणतात, मूळ अमेरिकन लष्कराचं, १९४९ चं, पुढे गाड्यांच्या कारखान्यांनी उचललं, त्यामुळे चाकण-भोसरीतल्या कुठल्याही क्वालिटीवाल्याला झोपेतून उठवून विचारा, सांगेल. एक्सेल शीट दिसते मस्त. पण गंमत बघा, ९×२×२ पण ३६ आणि ३×४×३ पण ३६. एकात अख्खा प्लांट आडवा होतो, दुसऱ्यात कुठलातरी पंप गळतो, शीटच्या लेखी दोन्ही सारखेच! आणि १ ते १००० म्हणायचं खरं, पण तीन आकड्यांचे वेगवेगळे गुणाकार निघतात फक्त १२०.

हे सगळं मला पाठ होतं. तरी माझी शीट चुकली, आणि ती भलत्याच ठिकाणी चुकली.

पुण्यातल्याच एका प्लांटवर (नाव लिहीत नाही, मला परत आत जायचंय) डेटा घ्यायला गेले. टाकीत खालून ब्लोअरने हवा सोडतात, त्या हवेवर बॅक्टेरिया जगतात आणि घाण खातात, म्हणून पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, म्हणजे डीओ, लिटरला साधारण २ मिलिग्रॅम ठेवतात. लॉगबुक उघडलं तर चार महिने, तिन्ही शिफ्टला, २.१. भर पावसात २.१, ब्लोअर ट्रिप झाला त्या रात्रीही २.१. मी येडी आधी खूश झाले, काय स्टेबल प्लांट आहे म्हणून. तिथले ऑपरेटर काका, साताऱ्याकडचे, अठरा वर्षं हेच काम, शांतपणे म्हणाले, "मॅडम, ते मीटर अडकलंय. दोनदा कळवलंय वर."

"मग तुम्हाला कळतं कसं?"

काकांनी बांबूला बांधलेल्या मगाने टाकीतलं पाणी काढलं, एक लिटरच्या उभ्या काचेच्या सिलिंडरमध्ये भरलं, कठड्यावर ठेवलं आणि म्हणाले अर्धा तास थांबा. प्लांट ठीक असेल तर चॉकलेटी गाळ झपाझप खाली बसतो आणि वर नितळ पाणी राहतं. त्या दिवशी अर्ध्या तासानंतरही गाळ ७०० च्या रेघेवर, पिंजलेल्या कापसासारखा, खाली जायचं नावच नाही. काकांनी वाकून वास घेतला, मलाही घ्यायला लावला. "ह्याला मातीचा वास पाहिजे, पहिल्या पावसासारखा. हा कुजका मारतोय. हवा कमी पडतीये."

पुस्तकात हेच लिहिलंय, हवा कमी पडली की तंतूवाले बॅक्टेरिया माजतात आणि गाळ बसत नाही, त्याला बल्किंग म्हणतात. मी ते परीक्षेत लिहिलंय पण. वास कधी घेतला नव्हता.

मग ब्लोअर रूममध्ये गेलो. दोन ब्लोअर, एक चालू एक स्टँडबाय, म्हणून माझ्या शीटमध्ये "हवा पूर्ण बंद" याला शक्यता २ दिलेली. दोन्हींच्या केबल एकाच पॅनलमध्ये! पॅनल गेलं की चालूही गेला आणि स्टँडबायही, आणि डीजीवर, म्हणजे डिझेल जनरेटरवर, ब्लोअर ओढला जात नाही. म्हणजे एकाला एक जोड आहे हे फक्त कागदावर.

आणि "वेळेत कळतं का" या रकान्यात मी ऐटीत ३ टाकले होते, कारण मीटर आहे, लॅब आहे. मीटरचं सांगितलंच. लॅबची बीओडी टेस्ट (पाण्यात किती घाण उरलीय ते सांगणारी) आपल्याकडे २७ अंशांना तीन दिवस लागते, तोवर ते पाणी संगम, बंडगार्डन करत भीमेच्या वाटेला लागलेलं असतं. ३ चे ९ केले, तर त्या ओळीचा आरपीएन तिप्पट होऊन पार वर गेला.

आता शहरात जायका, म्हणजे जपानी कर्जाच्या, प्रकल्पातून ११ नवीन प्लांट होतायत, मिळून ३९६ एमएलडीचे, म्हणजे दिवसाला ३९.६ कोटी लिटर. चांगलंच आहे. पण मीटरचे आकडे दाखवायला स्क्रीन कितीही मोठी लावली तरी मीटर अडकलं तर तिथेही २.१ च दिसणार ना?

सरांना मी म्हटलं, वास आणि सिलिंडर हा डिटेक्शनचा, म्हणजे वेळेत कळण्याचा, वेगळा प्रकार धरते. सर म्हणाले धर, पण डेटा आण, "काका म्हणाले" हा रेफरन्स होत नाही. झालं, मी तोंड पाडून परत प्लांटवर. काका म्हणाले डेटा आहे की, आणि केबिनमधलं भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं. रोजच्या चौकोनात, चतुर्थी-एकादशीच्या बाजूला, पेन्सिलीने बारीक आकडा: २८०, ३१०, ३००, ६५०. रोजचं सेटलिंग, जानेवारीपासून. ड्यूटी नसेल तो दिवस कोरा.

मी जवळजवळ किंचाळलेच, मागच्या वर्षीचं आहे का?

"असंल. बायकोनं डब्यांखाली घातलंय फडताळात. रविवारी या, काढून ठेवायला सांगतो."

रविवारी जातेय. बरोबर नवीन कोरे कागद घेऊन, डब्यांखाली घालायला.