आमच्या डोंगरातले ड्वार्फ

रविवार, रात्री उशिरा

माझ्या फँटसी गोष्टीचं तिसरं प्रकरण पुढं सरकतच नाहीये. ड्वार्फ लोकांचं, म्हणजे परदेशी गोष्टींतल्या डोंगराखाली राहणाऱ्या बुटक्या कारागिरांचं शहर लिहायचंय आणि लिहायला बसलं की तेच ते येतं, डोंगराखाली दरबार, सोन्याचा ढीग, ढिगावर बसलेला दाढीवाला चिडका राजा आणि कोपऱ्यात दारूची पिंपं. हे सगळं लांबून आलेलं आहे. आज दिवसभर डोक्यात एकच चालू होतं की हे लोक जर आपल्या बालाघाटात नाहीतर अजिंठ्याच्या डोंगरात राहत असते तर त्यांनी जीव कशाला लावला असता?

सोन्याला तर नक्कीच नाही, कारण सोनं इथं नाहीच. आपला सगळा दगड लाव्ह्याचा आहे, ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचून झालेला काळा पाषाण, त्यात सोन्याची खाण लागत नसते. सोनं पाहिजे तर खाली रायचूरकडं हट्टीला जावं लागतं, तो मुलूख निजामाच्या काळात आपल्याच हैदराबाद राज्यात होता ही गोष्ट वेगळी. इथं खणत गेलं की आधी काळी माती, मग मुरूम, मग पाषाण, मध्येच एखादा तांबड्या मातीचा पट्टा, आणि कधीमधी दगडाच्या पोकळीत पांढरे नाहीतर हिरवट स्फटिक, इतके देखणे की हातातून खाली ठेवावे वाटत नाहीत. पण त्या स्फटिकांसाठी आपल्याकडं कुणी विहीर खणत नाही.

मामा कितीतरी वर्षं यारीवर, म्हणजे खणलेला दगड वर ओढणाऱ्या यंत्रावर होते, विहिरीच्या खोदकामाला. संध्याकाळी फोन केला आणि विचारलं, मामा, सुरुंग उडाल्यावर परत खाली उतरलं की आधी काय बघायचे तुम्ही? म्हणले, "दगड ओला हाय का ते बघायचं. दुसरं काय बघायचं असतंय? पण तू हे कामून विचारायलीस?" मी म्हणलं गोष्ट लिहायलेय, डोंगराच्या पोटात राहणाऱ्या माणसांची. मग ते पंधरा मिनिटं सांगतच बसले, झरा कुठल्या अंगानं येतो, पाझर कसा ओळखायचा, आडवं बोर कधी घ्यायचं.

म्हणजे माझ्या ड्वार्फ लोकांचा खजिना पाणी आहे, हे आज पक्कं झालं. आणि हे मी हवेतून काढलेलं नाही. मलिक अंबरनं १७ व्या शतकाच्या सुरुवातीला आताच्या संभाजीनगरात जी नहर आणली ती जमिनीखालूनच आणली, कुठलाही पंप नाही, नुसत्या उतारावर. ज्यांना अंधारात बसून उताराचा अंदाज घेता येतो त्यांचं राज्य असं असणार. त्यांच्या शहरात सगळ्यात पवित्र जागा झऱ्याची, आणि सगळ्यात मोठा गुन्हा झऱ्याला दार लावणं, मग ते राजानं लावलं तरी. एप्रिल-मे महिन्यात टँकरमागं पळालेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

आता कामाचं. या ड्वार्फ मंडळींचं मूळ उत्तर युरोपातल्या जुन्या कथांत आहे. त्यातली एक मला फार आवडते, आइसलंडच्या स्नोरी नावाच्या लेखकानं १३ व्या शतकात लिहून ठेवलेली. दोन ड्वार्फ भाऊ देवांसाठी वस्तू घडवतायत, एक भट्टी सांभाळतो आणि दुसऱ्याला, ब्रोकला, बजावून जातो की मी परत येईपर्यंत भाता थांबू द्यायचा नाही. लोकी हा कारस्थानी देव माशी होऊन येतो, आधी हाताला चावतो, मग मानेला, ब्रोक भाता सोडत नाही, शेवटी पापणीला चावतो आणि रक्त डोळ्यात उतरतं, तेव्हा ते पुसायला म्हणून एकच क्षण हात सुटतो. त्या एका क्षणामुळं थॉर या देवाच्या हातोड्याचा दांडा आखूड राहिला. तरी देवांनी सगळ्यात भारी वस्तू म्हणून तोच हातोडा निवडला! या गोष्टीतला ड्वार्फ लोभी नाही हो, तो दिलेल्या कामाशी बांधलेला माणूस आहे.

आणि हा माणूस मी बघितलाय. आमच्या तालुक्याच्या बाजारात घिसाडी, म्हणजे भटके लोहार यायचे, रस्त्याच्या कडेला पाल, समोर जमिनीतच केलेली भट्टी, बाजूला हातानं फिरवायचा पंखा आणि तो फिरवणारं आठ-दहा वर्षांचं पोरगं. बाप सांडशीत लाल झालेलं लोखंड धरून ऐरणीवर फिरवायचा आणि घण मारायची बाई. पदर खोचलेला, दोन्ही हातानं घण डोक्याच्या वर, आणि घाव बरोब्बर तिथं पडणार जिथं नवऱ्यानं लोखंड वळवलंय. दोघं एकमेकांशी बोलायचे नाहीत, तो छोट्या हातोडीनं ऐरणीवर टिक करायचा आणि ती तिथं घण हाणायची. मी आईचा हात धरून विळा शेवटून पाण्यात जाईपर्यंत बघत राहायचे, चर्रर्र आवाज आणि वाफ. आई घाई करायची. त्या बाईला पाणी दिलं तर ते वरून ओंजळीत ओतायची पद्धत होती, ते मला तेव्हापण खटकायचं आणि आज तर त्याचा लई राग येतो. ज्यांच्या विळ्यानं अख्ख्या गावाची ज्वारी काढली जायची त्यांना गावात घर नाही. वडारांचं तेच, पाथरवटांचं तेच, विहिरी यांनी फोडायच्या, पाट्याला टाकी यांनी लावायची आणि राहायचं वेशीबाहेर.

म्हणून माझ्या डोंगरात उलटं आहे. तिथं माणसाची पत हात बघून ठरते. सोयरीक जुळवताना तळहात दाखवतात, घट्टे असले की बोलणी पुढं सरकतात. आणि फँटसीमधे ड्वार्फ बायका कुठं गायबच असतात, कुणाला त्यांचा पत्ता नसतो, तर माझ्याकडं घण त्यांच्याच हातात राहील.

कैलास लेण्याशिवाय तर हा विषय पूर्णच होत नाही. वेरूळची १६ नंबरची लेणी, ८ व्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातली, वरून खाली कोरत आणलेली, म्हणजे आधी कळस आणि मग पाया. लाखो टन दगड काढून टाकलाय. मागच्या बाजूला साधारण १०० फुटांचा कडा आहे, तिथं उभं राहून भिंतीला अगदी जवळून बघा, छन्नीचे तिरके घाव अजून दिसतात, एकाखाली एक, कुणीतरी रोज तेवढंच खाली आलंय. अशा कामात चुकून जास्तीचा दगड निघाला तर तो परत लावता येत नाही. असं काम पिढ्यान् पिढ्या करणारे लोक बोलायलाही घाई करणार नाहीत असं मला वाटतं. त्यांच्या सभेत सगळ्यांचा होकार आल्याशिवाय पहिला घाव पडत नाही, मग एखाद्या भिंतीसाठी दहा वर्षं गेली तरी चालतील. दिलेल्या शब्दाचंही तसंच, एकदा बाहेर पडला की परत घ्यायची सोयच नाही.

बडोद्याच्या एका राष्ट्रकूट ताम्रपटात असं आहे की हे मंदिर बांधणारा शिल्पी स्वतःच चकित झाला, हे मी केलं तरी कसं म्हणून. त्याचं नाव मात्र त्यात नाही. राजाचं आहे. उत्तर युरोपातल्या त्या जुन्या कवितेत ड्वार्फ लोकांच्या नावांची भलीमोठी यादीच्या यादी आहे, कुणी कशी जपली असतील ती, आणि आपल्याकडं एवढा डोंगर कोरून एक नाव राहिलं नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. माझे ड्वार्फ जेवायला बसायच्या आधी नावं घेतील, ही पायरी कुणी घडवली, हा खांब कुणाचा, पंखा फिरवणाऱ्या पोरापर्यंत सगळी.

अजिंठ्याला २४ नंबरची लेणी अर्धवट राहिलेली आहे. तसा एक अर्धा दरबार माझ्या शहरात असेल, मेलेल्या कारागिराचा शेवटचा घाव तसाच ठेवलेला, आणि पुढचं काम त्याच्या नातीनं उचललेलं. ती प्रकरणाची नायिका.

राजाला काढून टाकते. सोन्याचा ढीग पण. आधी झरा लिहायचा, मग ऐरण, आणि त्या पोरीसाठी उद्या नाव शोधायचं. मामाला परत फोन करावा लागणार, शेवाळ्या दगडातनं पाझर किती दिवस टिकतो ते विचारायचं राहिलं.