जाळ आणि धूर संगटच

कोल्हापुरात छातीत जळजळलं की पहिला आळ तांबड्या रश्श्यावर येतो. त्याचा रंगच असा की वेगळा पुरावा कुणी मागत नाही. शेजारच्या वाटीतला पांढरा मात्र दरवेळी सुटतो. उलट ‘तांबडा झेपत नसेल तर पांढरा घे की’ असा प्रेमाचा आग्रह होतो. त्या पांढऱ्यात काय असतं? मटणाचं अळणी (मटण शिजवलेलं पाणी), नारळाचं दूध, काजू, तीळ, खसखस आणि वरून खड्या मसाल्याची फोडणी. तिखट कमी, पण स्निग्धांश भरपूर. आणि जळजळीच्या बाबतीत मिरचीच्या आधी चौकशी करायची ती तेलातुपाची, रिचवलेल्या वाट्यांची आणि घड्याळाची.

अन्ननलिका जठराला मिळते तिथं स्नायूंचं एक कडं आहे. घास उतरताना ते सैल पडतं, एरवी आवळलेलं असतं. जठरातलं आम्ल चांगलंच जहाल, पीएच साधारण दीड ते साडेतीन. जठराला आतून श्लेष्माचा जाड लेप असतो, म्हणून त्याला ते सोसतं. अन्ननलिकेला असा लेप नाही. जठर तट्ट फुगलं की साठलेला वारा बाहेर सोडायला हे कडं मधूनमधून आपोआप सैल पडतं. ती ढेकर. पोट गळ्यापर्यंत भरलेलं असेल तर वाऱ्याबरोबर आम्लही वर चढतं. तेलकट जेवण जठरात जास्त वेळ रेंगाळतं. तंबाखू, दारू, चॉकलेट आणि पेपरमिंट यांनी कडं ढिलं होतं. सुटलेलं पोट, करकचून आवळलेला पट्टा, गरोदरपण यांचा दाब खालून येतो. काहींच्या जठराचा वरचा भाग छाती आणि पोट यांमधल्या पडद्यातून छातीत सरकलेला असतो, त्याला हायटस हर्निया म्हणतात. अशा माणसानं नुसती मिरची सोडून फारसा फरक पडत नाही.

मिरची अगदीच साधी भोळी आहे असंही नाही. तिच्यातलं कॅप्सायसिन मज्जातंतूंच्या ज्या ग्राहकावर (रिसेप्टरवर) बसतं, तोच ग्राहक ४३ अंशांच्या वरच्या उष्णतेला आणि आम्लालाही प्रतिसाद देतो. हा ग्राहक शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ सालचं वैद्यकाचं नोबेल विभागून मिळालं. मिरची खाल्ल्यावर ‘जाळ’ झाला असं आपण म्हणतो, तेव्हा मेंदूला खरोखरच भाजल्याची वर्दी गेलेली असते. अन्ननलिका धडधाकट असेल तर तांबडा तिथून मुकाट्यानं खाली उतरतो. आम्लानं ती आधीच सोललेली असेल तर तोच रस्सा जाताना भाजत जातो. म्हणून एकाच पंगतीत एकजण घाम पुसत चौथी वाटी मागतो आणि त्याचा सख्खा भाऊ दुसऱ्या घासाला छाती धरतो. यात मर्दुमकीचा काही संबंध नाही. तशी समजूत मात्र आपल्याकडं पक्की आहे.

सकाळी आठला खाल्लेली मिसळ रात्री अकराच्या मटणापेक्षा पुष्कळांना कमी बाधते, याचं कारण घड्याळात आहे. कट कितीही झणझणीत असो, मिसळ खाणारा पुढं दिवसभर उभा-बसलेला असतो आणि आम्ल जागेवर राहतं. आषाढातल्या गल्लीजत्रेत नेमकं उलटं घडतं. पिपाणी-ढोलाच्या ‘पी ढबाक’ ठेक्यावर टेंबलाई देवीला पाणी वाहून यायचं, मटण शिजायला उशीर, पंगत बसते साडेदहाला. रश्श्याची एक वाटी दीडशे मिलीलीटर धरली तर दोन्ही रंगांच्या मिळून सहा वाट्या म्हणजे जवळजवळ लिटर झाला. भाकरी, मटण, भात आणखी वेगळा. बारा वाजता माणूस आडवा. जेवण आणि झोप यांत तीन तास हवेत हा नियम मोडतो तो इथं. जत्रा चुकवा असं कोण म्हणेल? रश्श्याची पातळी दोन वाट्यांवर ठेवावी, तांबड्यावरचा तवंग पळीनं बाजूला सारून खालचा रस्सा घ्यावा, भात निम्मा करावा आणि पहिल्या पंगतीत जागा धरावी. चव तवंगाखालीही तेवढीच असते, हे आचारी मान्य करणार नाही.

जेवणानंतरचे इलाज हा वेगळाच प्रकार. ‘ढेकर आली की बरं वाटतं’ म्हणून सोडा किंवा कोल्ड्रिंक पितात. त्यातल्या वायूनं जठर आणखी फुगतं, कडं उघडतं, ढेकर येते, आणि तिच्या पाठोपाठ आंबट पाणी घशाशी. पिपरमिंट घातलेलं थंडगार पान तोंड गार करतं आणि खाली कडं सैल करतं. त्यापेक्षा चिमूटभर बडीशेप चावलेली बरी. चावण्यानं लाळ सुटते, लाळ अल्कधर्मी असते आणि ती गिळताना अन्ननलिका धुऊन निघते. रंकाळ्यावर सावकाश फेरी मारणंही चांगलं, फक्त ती चौपाटीवरच्या भेळेच्या गाडीपाशी संपू नये.

गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर समोर धार काढून मिळणारं फेसाळ दूध हा कोल्हापूरचा मान आहे, त्याला नावं ठेवायची नाहीत. पण जळजळीवर औषध म्हणून रात्री ते पिणं फसतं. दूध आम्लाला थोडा वेळ आवरतं. मग त्यातली प्रथिनं आणि कॅल्शियम जठराला नवं आम्ल सोडायला लावतात. शिवाय म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के स्निग्धांश, म्हणजे पुन्हा तोच घोळ. हौस असेल तर संध्याकाळी सातच्या आत प्यावं.

रात्रीच्या जळजळीवर सगळ्यात स्वस्त इलाज विटांचा. पलंगाच्या डोक्याकडच्या दोन्ही पायांखाली सहा ते आठ इंच उंची द्यायची. तीन इंची दोन विटा आडव्या, एकावर एक, म्हणजे सहा इंच झाले. पाय घसरू नये म्हणून वर मधोमध खाच पाडलेला लाकडी ठोकळा सुताराकडून करून घेतला तर अधिक चांगलं. उशांची चळत लावणं हा यावरचा सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात चुकीचा पर्याय. उशांनी फक्त मान आणि खांदे उचलले जातात, शरीर कमरेत मुडपतं, पोट दाबलं जातं आणि आम्लाला वर यायला उलट जोर मिळतो. चढ कमरेपासून हवा. सामान ठेवायचा बॉक्स असलेला दिवाण उचलता येत नाही, तिथं गादीखाली पाचरीच्या आकाराचा फोम सरकवावा. जमिनीवर झोपणाऱ्यांनीही तेच करावं. आणि कूस डावी घ्यावी. जठराचा मोठा फुगवटा डावीकडं असतो, त्यामुळं या कुशीवर आम्ल तिथं खाली साठतं आणि अन्ननलिकेचं तोंड त्याच्या वर राहतं. उजव्या कुशीवर हे सगळं उलटं होतं.

औषधांत लोक गफलत करतात ती वेळेची. खाण्याचा सोडा चटकन काम करतो, पण अर्ध्या चमच्यात सुमारे ६०० मिलिग्रॅम सोडियम असतं. रक्तदाब किंवा हृदयाचा आजार असलेल्यांनी ही सवय लावू नये. ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियमचं पातळ औषध बाटली हलवून दोन चमचे, म्हणजे दहा मिलीलीटर, जेवणानंतर तासाभरानं घेतलं तर दोन-तीन तास टिकतं. रिकाम्या पोटी घेतलं तर अर्ध्या-पाऊण तासात विरून जातं. ॲल्युमिनियमनं पोट बांधतं, मॅग्नेशियमनं सुटतं, म्हणून दोघं एकत्र. लोहाची किंवा थायरॉइडची गोळी चालू असेल तर मध्ये काही तासांचं अंतर ठेवावं. अल्जिनेट असलेलं औषध निराळं. ते जठरातल्या अन्नावर दुधावरच्या सायीसारखा थर धरतं आणि वर चढणारं आम्ल अडवतं. जेवण झाल्यावर आणि झोपताना घ्यायचं. रॅनिटिडीन एके काळी घराघरांत असायचं. त्यात एनडीएमए हे घातक द्रव्य सापडल्यावर अमेरिकेनं २०२० मध्ये ते बाजारातून काढायला लावलं, आणि भारतानं २०२२ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीतून वगळलं. आता त्याच जातीचं फॅमोटिडीन देतात.

आणि मग येते ती सगळ्यांच्या ओळखीची पँटोप्रॅझोल ४०. ही गोळी बहुतेकजण चुकीच्या वेळी घेतात आणि ‘काही उपयोग नाही’ म्हणतात. आम्ल बनवणाऱ्या पेशींतले पंप खाणं पोटात पडलं की चालू होतात, आणि ही गोळी फक्त चालू पंपावरच बसते. रक्तात ती टिकते थोडाच वेळ. म्हणून न्याहारीच्या अर्धा ते एक तास आधी, साध्या पाण्याबरोबर. चहाबरोबर घेतली, किंवा जळजळ सुरू झाल्यावर रात्री तोंडात टाकली, तर निशाणा हुकतो. चावायची नाही, फोडायची नाही, कारण वरचं आवरण गोळीला जठरातल्या आम्लापासून वाचवतं. पूर्ण गुण यायला तीन-चार दिवस लागतात. नेहमीचा कोर्स आठ आठवड्यांचा. वर्षानुवर्षं आपल्या मनानं घेत राहिलं तर बी १२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं, हाडांचाही धोका सांगितला जातो. पण दीर्घकाळ घेतलेली गोळी एकदम तोडली तर दबलेलं आम्ल उसळून येतं आणि माणसाला वाटतं आजार बळावला. डॉक्टरांना विचारून डोस उतरवत न्यावा, मधल्या दिवसांत जळजळीला पातळ औषध हाताशी ठेवावं. मळमळ-उलटीवरचं डॉम्परिडोन जोडलेली कॅप्सूल मेडिकलमधून नुसती मागून आणू नये. काहींच्या हृदयाच्या ठोक्यांवर तिचा परिणाम होतो.

घास अडकणं, कारण नसताना वजन उतरणं, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, रक्त कमी होणं, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, यांपैकी काहीही असेल तर थेट एंडोस्कोपी. आणि छातीत दाबल्यासारखं होऊन दुखणं जबड्याकडं किंवा डाव्या हाताकडं सरकत असेल, दरदरून घाम सुटला असेल, तर ‘गॅस झालाय’ म्हणत सोड्याची पुडी शोधायची नाही. आधी ईसीजी.

गोळ्यांनी भागत नाही अशा थोड्यांसाठी दुर्बिणीतून शस्त्रक्रिया आहे. तीत जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या टोकाभोवती गुंडाळून कडं घट्ट करतात. आम्ल चांगलं आवरतं. फक्त त्यानंतर काहींना ढेकर देणं जमत नाही. यजमान समोर उभा असताना, दोन्ही रस्से ओरपून झाल्यावर, जेवण आवडल्याची पावती मग तोंडी द्यावी लागते.