दिसते तर तशीच न!

चिखलदऱ्याला जायला भाड्याची थार बघत होतो. चारही चाकांना जोर देणारा, फोर-लोचा गिअरशेजारचा छोटा दांडा शोधत होतो. नव्हताच.

"भाऊ, थार आहे न, कुठंबी चढते," वर्धा रोडवरचा भाड्याने गाड्या देणारा पोरगा म्हणाला.

"अरे, पण फोर-लो कुठाय? ही तर टू-व्हील ड्राइव्ह आहे."

त्यानं बोनेटवर थाप मारली. "दिसते तर तशीच न, भाऊ!"

खोटं नव्हतं. 2023 पासून थार नुसत्या मागच्या चाकांवर चालणारीही मिळते, बाहेरून पटकन कळत नाही. मेळघाटच्या काळ्या चिखलात रुतल्यावर कळतं. (टायरही गुळगुळीत होते, ते वेगळंच.)

गाडी घेतली नाही. पण घरी येताना आठवलं, चिखलदऱ्यापर्यंत तर डांबरी रस्ता आहे. मग मला तरी कशाला हवी होती? फोटोसाठीच न?