व्हर्नियर घ्यायला गेलो आणि नोगिसु घेऊन आलो

कंपनीनं तीन आठवड्यांच्या ट्रेनिंगला जपानला पाठवलं, नागोयाजवळच्या प्लांटला. घरच्यांची चॉकलेटांची यादी होतीच, पण माझ्या मनात एकच होतं, मित्सुतोयो ह्या जपानी कंपनीचा डिजिटल व्हर्नियर, म्हणजे जाडी-व्यास मोजायचं सरकत्या जबड्यांचं हत्यार, तिथनंच घ्यायचा. चाकणला क्वालिटीत बारा वर्षं झाली पण स्वतःच्या मालकीचा एकही नाही, कायम कंपनीचा, रजिस्टरवर सही करून घ्यायचा आणि शिफ्ट संपली की परत द्यायचा. आपल्याकडे मिळत नाही असं काही नाही, पण हौस म्हणून एक गोष्ट असते ना.

पहिली अडचण म्हणजे तिकडं व्हर्नियर हा शब्दच चालत नाही. मला शिकवायला जे सिनिअर होते त्यांना दोनतीनदा "व्हर्नियर, व्हर्नियर" म्हणून बघितलं, ते नुसतेच हसून मान डोलवायचे, शेवटी अंगठ्यानं जॉ, म्हणजे त्याचे जबडे, सरकवायची अॅक्शन केली तेव्हा "आऽऽ, नोगिसु!" नंतर वाचलं तर नोगिसु हा जर्मन नोनियसवरनं आलेला शब्द, आणि नोनियस म्हणजे १६व्या शतकातला पोर्तुगीज गणिती पेद्रू नुनेश, त्याचं लॅटिन नाव. आपला व्हर्नियर १६३१ च्या फ्रेंच पिएर व्हर्नियेचा. हत्यार एकच, आपण फ्रेंच माणसाला धरून बसलोय आणि ते पोर्तुगीजाला. मायक्रोमीटर मात्र माइकुरोमेता आणि डायल गेज दाइयारु गेजी, तिथं काही त्रास नाही.

मग आठवडाभर रात्री कोंबिनीत, म्हणजे त्यांच्या चोवीस तास चालणाऱ्या दुकानात, प्रॅक्टिस. "कोरे वा इकुरा देस का", हे केवढ्याला, एवढं पाठ करणं सोपं आहे हो, पुढून जे उत्तर येतं तिथं माणूस पडतो. आपण हजार, लाख असं जातो, त्यांचं दहा हजाराला वेगळं नाव आहे, मान. त्यामुळे १४ हजार म्हणजे "इची मान योन सेन", एक दहाहजार आणि वर चार हजार, डोक्यात गणित होईपर्यंत पुढचा माणूस बिल घेऊन उभा. आणि "दाइजोबु देस" हे मला "चालेल" वाटायचं, तर काउंटरवर "फुकुरो", पिशवी हवी का असं विचारलं की दाइजोबु म्हणजे नको! दोनदा हातात अंडी आणि दूध घेऊन रूमवर आलो. वाक्याची बांधणी मात्र आपल्यासारखीच, क्रियापद शेवटी, आणि आपण "ना" लावतो तसं ते शेवटी "ने" लावतात, त्यामुळे कानाला परकं नाही वाटत.

रविवारी हत्यारांच्या दुकानात गेलो, कामगारांचं दुकान, टुरिस्ट वगैरे कोणी नाही. "नोगिसु आरिमास का?", आहे का. काचेच्या कपाटात पाचसहा ठेवलेले. "मिसेते कुदासाइ", दाखवा. दुकानातले काका साठीचे असतील, त्यांनी बॉक्समधनं काढला, जॉ मऊ फडक्यानं पुसले, बंद केले आणि ट्यूबलाइटसमोर धरून माझ्याकडं दिला. आम्हीही हेच करतो, दोन्ही जॉमधनं उजेड दिसला तर तो पीस बाजूला. मी पण धरून बघितला, अजिबात फट नाही, दोघंही "हं" म्हणालो. पुढं स्लाइड करून झिरो बघितला, हा अॅब्सोल्यूट टाइपचा, एकदा झिरो सेट केला की बंद करून चालू केला तरी परत करावा लागत नाही. डिस्प्लेवर ०.०१ दिसतं पण अॅक्युरसी ±०.०२ मिमी आहे, हे आमच्या नव्या पोरांना सांगून सांगून थकलो, शेवटचा आकडा दिसतो म्हणून तो खरा धरतात.

स्टिकरवर दोन किमती, १४,८०० झेइनुकी, म्हणजे टॅक्स सोडून, आणि १६,२८० झेइकोमी, टॅक्स धरून. काकांनी काहीतरी "कोसेइ शोमेइशो" विचारलं, मोबाइलच्या अॅपनं त्याचं भाषांतर केलं "प्रूफरीडिंगचं प्रमाणपत्र", मी म्हटलं व्हर्नियरमधे शुद्धलेखन कोण तपासणार. नंतर कळलं, कोसेइ म्हणजे प्रूफ वाचणं पण आणि कॅलिब्रेशन, म्हणजे हत्यार बरोबर मोजतं का ते तपासणं, ते पण. त्याला वेगळे पैसे आणि दिवस लागणार होते, माझं परतीचं विमान बुधवारी, म्हणून "इइए, दाइजोबु देस", नाही, नको. ह्या वेळी बरोबर वापरला.

मग पासपोर्ट पुढं केला आणि "मेन्झेइ देकिमास का?", टॅक्स फ्री होईल का. काकांनी हाताची फुली केली. टॅक्स फ्री फक्त दारावर त्याचा लोगो असलेल्या दुकानातच मिळतं, चेरीच्या फुलाचं चिन्ह असतं, आणि मी दारावर बघितलंच नव्हतं. परत जाऊन मोठ्या दुकानात शोधायला वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर काकांनी पुसून दिलेला पीस सोडवेना. १६,२८० दिले.

विमानात चेक-इन बॅगेत टाकला, जॉची टोकं बघून केबिन बॅगेत कशाला रिस्क घ्या. इकडं आल्यावर आमच्या क्वालिटी हेडनी पहिला प्रश्न, कॅलिब्रेशनचं स्टिकर कुठाय? कस्टमरचं ऑडिट असतं, बाहेरनं कॅलिब्रेट केलेलं काही वापरायचं तर लॅब १७०२५ वाली, म्हणजे त्या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डप्रमाणे चालणारी हवी, म्हणून एनएबीएलची मान्यता असलेल्या लॅबला दिला. तिथं २० डिग्रीच्या रूममधे तासन्‌तास ठेवून मग मोजतात, आणि आमच्या शॉपफ्लोअरवर मे महिन्यात काय अवस्था असते ते सगळ्यांना माहितीय, १०० मिमीचा स्टीलचा जॉब, म्हणजे पार्ट, १० डिग्रीनं तापला की ११-१२ मायक्रॉन, म्हणजे साधारण ०.०१ मिमी, वाढतो. रिपोर्ट मस्त आला, एरर ०.०१ च्या आत.

आता बॉक्समधे सर्टिफिकेट आहे, त्याखाली जपानी बिल आहे, आणि त्यावरचे १,४८० येन टॅक्सचे मी अजून महिन्यातनं एकदा तरी बघतो.